अनुभव धागा: नाताळात घरच्यांसोबत पाहिलेले जुने टीव्ही कार्यक्रम

एडिसन, न्यू जर्सी

या धाग्यात मोठे चित्रपट नकोत. टीव्हीसाठी बनलेले, वर्षातून एकदाच लागणारे, अर्ध्या-पाऊण तासाचे जुने ख्रिसमस स्पेशल हवेत. तुम्ही कोणता पाहता, शेजारी कोण बसलेलं असतं, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि पोरांना त्यातलं काय भिडलं, ते लिहा. सुरुवात मी करते.

आमचा म्हणजे 'अ चार्ली ब्राऊन ख्रिसमस'. ९ डिसेंबर १९६५ ला अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर पहिल्यांदा लागला. नाताळ तोंडावर आलाय, सगळे खुशीत आहेत आणि चार्ली या मुलाला मात्र उदास वाटतंय. का, ते त्याचं त्यालाही कळत नाही. लहान मुलांच्या कार्यक्रमाची सुरुवात अशी करायला धाडस लागतं. वाहिनीच्या अधिकाऱ्यांना तो आवडलाच नव्हता. फार संथ आहे, पार्श्वसंगीताला जॅझ आहे, हशाची ध्वनिफीत नाही, आणि वर बायबलमधला उतारा! लेखक चार्ल्स शुल्झ उताऱ्यावर ठाम राहिले. कोका-कोलाने प्रायोजित केलेला, तारीख ठरलेली, म्हणून तो दाखवला गेला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. टीव्हीचे मोठे पुरस्कारही मिळाले, एमी आणि पीबडी.

आवाज खऱ्या मुलांचे आहेत. चार्लीच्या धाकट्या बहिणीचा आवाज देणारी मुलगी इतकी लहान होती की तिला वाचता येत नव्हतं. वाक्याचे तुकडे करून ते एकेक तिच्याकडून वदवून घेतले. लक्ष देऊन ऐकलं तर तिच्या बोलण्यातले ते थांबे अजून ऐकू येतात, आणि मला तेच फार आवडतं.

सासरे गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे आल्या होत्या. इंग्रजी त्यांना जेमतेम. चार्ली झाड आणायला जातो, तिथे ॲल्युमिनियमची चकचकीत गुलाबी-निळी झाडं उभी असतात आणि तो नेमकं एक मरतुकडं, चार काड्यांचं रोपटं उचलतो. सासूबाई म्हणाल्या, "बरं केलं पोरानं. त्याला दुसऱ्या कुणी नेलं नसतं." मग लेकीने विचारलं, "आजी, पण तो उगीचच का उदास आहे?" त्या म्हणाल्या, "असतं गं एखाद्याला तसं. सणाला जास्त वाटतं." एवढे महिने त्या स्वतःबद्दल एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या दिवसापासून बोलायला लागल्या.

आता तुम्ही लिहा.

हॅरो, लंडन

आमच्याकडे 'द स्नोमॅन'. २६ डिसेंबर १९८२ ला चॅनल फोरवर पहिल्यांदा दाखवला. चॅनल सुरू होऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. सव्वीस मिनिटं आणि संवाद एकही नाही. सुरुवातीचे दोन शब्द आणि मध्ये एक गाणं, बाकी सगळं हॉवर्ड ब्लेक यांच्या वाद्यवृंदावर चालतं. माझे आई-वडील सोलापूरहून यायचे तेव्हा त्यांना भाषांतर करून सांगावं लागत नाही असा हा एकच कार्यक्रम होता. नातू आणि आजोबा एका पातळीवर बसून बघायचे, कुणी कुणाला समजावत नव्हतं.

एक मुलगा बर्फाचा माणूस करतो. रात्री तो जिवंत होतो, घरभर हिंडतो आणि मुलाचा हात धरून उडतो. ब्रायटनच्या धक्क्यावरून समुद्राकडे जातात तेव्हा गाणं चालू असतं. ते गाणं लोक ॲलेड जोन्सच्या नावावर सांगतात, कारण १९८५ ला त्याचं ध्वनिमुद्रण खूप गाजलं. पण कार्यक्रमातला आवाज पीटर ऑटी या मुलाचा आहे. तो सेंट पॉल कॅथीड्रलच्या गायकवृंदात होता, आणि मूळ श्रेयनामावलीत त्याचं नावच नव्हतं. ते वीस वर्षांनी आलं. म्हणून आमच्या घरी गाणं लागलं की मी त्याचं नाव मोठ्याने सांगतो. मुलांना पाठ झालंय.

सकाळी मुलगा धावत अंगणात येतो. टोपी, मफलर आणि वितळलेल्या बर्फाचा ढीग, एवढंच उरलेलं असतं. खिशात हात घालतो तर रात्री सांताकडून भेट मिळालेला मफलर हाताला लागतो. म्हणजे स्वप्न नव्हतं. आणि तिथेच संपतं, कुणी येऊन समजूत घालत नाही.

थोरला पाच वर्षांचा असताना हे बघून हमसून हमसून रडला. पुढच्या वर्षी लावू नये असं बायकोचं म्हणणं होतं. माझ्या वडिलांनी तिला सांगितलं, "रडू दे की. गेलेल्या माणसासाठी रडायचं असतं हे त्याला कळलंय, चांगलंच आहे." मूळ पुस्तकात नाताळ नाहीच. सांताकडे जाण्याचा प्रसंग कार्यक्रमासाठी घातला. पुस्तकाचे लेखक रेमंड ब्रिग्ज तर सरळ सांगायचे की ही गोष्ट मृत्यूची आहे. ब्रिग्ज २०२२ मध्ये गेले. त्या डिसेंबरात आम्ही तो जरा जास्तच शांतपणे पाहिला.

वसई

एडिसनच्या ताईंनी चार्ली ब्राऊनचं लिहिलंय म्हणून लिहिते. आमच्याकडे नाताळ टीव्हीसमोरचा नसतो. डिसेंबरभर गावातली पोरं नाताळगोठा बांधण्यात गुंतलेली, घरात फराळाचं चाललेलं, चोवीसच्या रात्री मिस्सा. पंचवीसला दुपारी जेवणं आटोपली की मात्र सगळी माणसं आडवी होतात, आणि त्या वेळी भावाने लॅपटॉप टीव्हीला जोडून आम्हाला हा कार्यक्रम पहिल्यांदा दाखवला. तो कॅनडाहून सुट्टीवर आला होता.

आजीला मी बाजूला बसून आमच्या कादोडी बोलीत सांगत होते. चार्लीचा मित्र लायनस स्टेजवर जाऊन बायबलमधला उतारा म्हणायला लागला आणि आजी म्हणाली, "थांब, हे मला ठाऊक आहे." लूकच्या शुभवर्तमानातला दुसरा अध्याय, मेंढपाळांना देवदूत दिसतो तो भाग. आदल्याच रात्री तिने तो चर्चमध्ये मराठीत ऐकला होता. लायनसच्या ओठांबरोबर ती मराठीत म्हणत गेली.

एक बारकावा भावाने दाखवला. लायनस आपलं निळं पांघरूण कधी हातातून सोडत नाही, त्याला त्याचाच आधार असतो. देवदूताचं "भिऊ नका" आलं की त्या शब्दाला पांघरूण त्याच्या हातातून खाली पडतं. त्याकडे कुणी बोट दाखवत नाही, कॅमेराही जवळ जात नाही. मी इतकी वर्षं वेदीसमोर हा उतारा ऐकत आलेय. त्या दोन शब्दांचा अर्थ इतक्या थोडक्यात सांगितलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

शिकागो

'रुडॉल्फ द रेड-नोज्ड रेनडिअर', ६ डिसेंबर १९६४, एनबीसी वाहिनी. सांताची गाडी ओढणाऱ्या लाल नाकाच्या रेनडिअरची गोष्ट. तेव्हापासून एकही वर्ष खंड नाही. आम्ही शिकागोकर त्यावर थोडा हक्क सांगतो, कारण रुडॉल्फ इथलाच. १९३९ मध्ये माँटगोमेरी वॉर्ड या दुकानाने गिऱ्हाइकांना फुकट वाटायला एक पुस्तिका काढली, ती त्यांच्याकडे नोकरी करणाऱ्या रॉबर्ट मे यांनी लिहिली. पुढे त्यांचे मेहुणे जॉनी मार्क्स यांनी त्यावर गाणं केलं आणि गाण्यावरून हा कार्यक्रम आला. बाहुल्या एकेक फ्रेमला किंचित हलवून चित्रण करायचं काम टोकियोत तादाहितो मोचिनागा यांच्या स्टुडिओत झालं. माझा मुलगा आता तसलं चित्रण फोनवर करून बघतो. दहा सेकंदांसाठी त्याचा अख्खा रविवार जातो, त्यामुळे त्याला त्या कारागिरांबद्दल फार आदर आहे.

पण मला या गोष्टीतली एक गोष्ट खटकते आणि ती मी मुलांशी दरवर्षी बोलतो. रुडॉल्फचं नाक लाल आणि चमकणारं म्हणून बाप त्यावर चिखल थापतो, बाकीचे चिडवतात, सांताही नाक मुरडतो. मग धुक्याची रात्र येते, त्या नाकाच्या उजेडाचा उपयोग होतो आणि सगळे त्याला आपला म्हणतात. उपयोग झाला नसता तर? माझी मुलगी एका कानाला यंत्र लावते. तिने हा प्रश्न आठव्या वर्षी स्वतःहून विचारला. "मला ऐकू येत नाही याचा कुणाला उपयोग नाही, मग?" मी तिला सांगितलं की सांता इथे चुकला आहे आणि ते तोंडाने म्हणायला हरकत नाही. तेव्हापासून तो प्रसंग आला की ती टीव्हीला ठणकावून सांगते.

तिला खरा जीव लावलाय तो नको असलेल्या खेळण्यांच्या बेटाने. चौकोनी चाकांची आगगाडी, ठिपक्यांचा हत्ती. पहिल्या वर्षी रुडॉल्फ त्यांना घर मिळवून देण्याचं कबूल करतो आणि पुढे ती खेळणी दिसतच नाहीत. प्रेक्षकांनी पत्रं पाठवून जाब विचारला, तेव्हा १९६५ मध्ये सांता त्यांना न्यायला येतो तो प्रसंग नव्याने जोडला. आता आपण बघतो तो शेवट त्या पत्रांमुळे आहे. हे मुलीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे बोललं की बदलतं."

पुणे

पोगोवर मिस्टर बीन बघत वाढलेली आमची पिढी. त्याचा नाताळचा भाग ब्रिटनमध्ये डिसेंबर १९९२ ला आला होता, आम्ही तो कितीतरी नंतर पाहिला. टर्कीत डोकं अडकतं तिथे सोफ्यावरून लोळायचो. परवा बहिणीसोबत पुन्हा पाहिला आणि दोघांनाही शेवट पहिल्यांदा दिसला. त्याच्या मैत्रिणीला दुकानाच्या खिडकीतली अंगठी हवी असते. तो तिला अंगठीच्या मागे लावलेलं चित्र आणून देतो, आणि ती निघून जाते. तिच्या बाजूने बघितलं तर फार वाईट वाटतं.

गोथेनबर्ग, स्वीडन

इथली चाल सांगते. २४ डिसेंबरला दुपारी तीन वाजता अख्खा देश डोनाल्ड डक बघतो. इकडे त्याला 'काल्ले आन्का' म्हणतात. १९६० पासून दरवर्षी. अमेरिकेत १९५८ मध्ये बनलेला, डिस्नेच्या जुन्या तुकड्यांची मालिका आहे तो. सिंड्रेला, मिकीची घसरत जाणारी गाडी, सांताची कार्यशाळा असं. यात नाताळ कितीसा, असं मला आधी वाटलं होतं. मग नवऱ्याच्या आईने सांगितलं. १९६९ पर्यंत इथे एकच वाहिनी होती आणि डिस्नेची कार्टून टीव्हीवर एरवी दिसायचीच नाहीत. मुलांना वर्षातून तेवढा एक तास मिळायचा.

जेवण आणि भेटी कधी, हे तीनच्या हिशेबाने ठरतं. निवेदक बेंग्ट फेल्डरेइक २०१९ मध्ये वारले, आवाज अजून त्यांचाच. माझ्या सासऱ्यांना तो तोंडपाठ आहे. २०१२ मध्ये वर्णभेदी वाटणारी काही दृश्यं काढली तेव्हा इथे मोठा वाद झाला. माझी मुलं सावळी आहेत, मला ती काढली हे बरंच वाटलं, आणि जेवणाच्या टेबलावर मी तसं बोललेही. सासरे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, लहानपणी ते कधी दिसलंच नव्हतं.

टोरोंटो

गावाचा नाताळ चोरायला निघालेल्या ग्रिंचचं कुणी लिहिलं नाही! १९६६ चा, अर्ध्या तासाचा, चक जोन्स यांनी केलेला. नंतरचे लांबवलेले चित्रपट मी मुलांना दाखवत नाही. गोष्ट अर्ध्या तासाचीच आहे. निवेदन बोरिस कार्लॉफ यांचं. चित्रपटांत भुतं-राक्षस करून नाव मिळवलेला हा माणूस इथे आजोबांनी गोष्ट सांगावी तसा बोलतो. त्यांच्या घराण्याची मुळं भारतात होती, हे आमच्या घरी अभिमानाने सांगितलं जातं. गाणं मात्र त्यांचं नाही, ते थर्ल रॅव्हन्सक्रॉफ्ट यांनी गायलं आणि श्रेय द्यायचं राहून गेलं. हॅरोकरांनी लिहिलेल्या पीटर ऑटीसारखंच. पुस्तकातला ग्रिंच काळा-पांढरा, त्याला हिरवा रंग या कार्यक्रमाने दिला.

सगळ्या भेटी चोरीला गेल्यावरही सकाळी गावातले लोक हात धरून गायला उभे राहतात, तिथे माझा धाकटा प्रत्येक वेळी माझा हात धरतो.

क्वीन्स, न्यूयॉर्क

माझं उत्तर जरा वेगळं. डब्ल्यूपीआयएक्स या वाहिनीवरची जळणारी लाकडं. १९६६ मध्ये वाहिनीच्या प्रमुखांनी ठरवलं की फ्लॅटमध्ये राहणाऱ्या न्यूयॉर्ककरांकडे शेकोटी नाही, तर नाताळला आपण त्यांना ती द्यायची. महापौरांच्या निवासातली शेकोटी चित्रित केली, जाहिराती काढून टाकल्या आणि तीन तास ती ज्वाला आणि नाताळची गाणी. पहिल्या चित्रणात ठिणगी उडून गालिचा जळाला, म्हणून १९७० मध्ये पुन्हा करायला गेले तर महापौर कार्यालयाने जागा दिली नाही. नवं चित्रण कॅलिफोर्नियात झालं, भर ऑगस्टात. १९९० च्या आसपास बंद पडलं होतं, २००१ च्या डिसेंबरात परत सुरू केलं. त्या वर्षी या शहराला त्याची फार गरज होती. आई-बाबा, आम्ही दोघे आणि खालच्या मजल्यावरचं पोर्तो रिकन कुटुंब, सगळे त्या शेकोटीसमोर बसून पत्ते खेळलो होतो.

नाशिक

सगळं वाचलं. आमच्याकडे यातलं काहीच पाहिलेलं नाही. मुलगी सहा वर्षांची, मुलगा अकरा, सोबत माझे वडील. कुठून सुरुवात करू?

एडिसन, न्यू जर्सी

'स्नोमॅन'ने करा. भाषेची अडचण नाही आणि तिघेही एकत्र बघतील. फक्त झोपायच्या वेळी नको, दुपारी लावा, म्हणजे नंतर बोलायला वेळ राहील. दुसऱ्या दिवशी ग्रिंच. रुडॉल्फ पाऊण-एक तासाचा आहे, मुलीसाठी दोन भागांत बघा, आणि शिकागोकरांचा प्रश्न मुलाला नक्की विचारा. चार्ली ब्राऊन २०२० पासून ॲपलच्या स्ट्रीमिंग सेवेवर आहे. गेल्या काही वर्षांत ते डिसेंबरात दोन-तीन दिवस वर्गणीशिवाय बघू देतात, तारखा आधी पाहून ठेवा. त्याचं इंग्रजी सोपं आहे, तरी वडिलांशेजारी बसून सांगत राहा. आणि मुलीने काय विचारलं ते इथे येऊन लिहा.