मदत हवी: परदेशात मार्शल आर्ट्सचा धड क्लास कसा शोधायचा? (तातडीचं)

उदगीरी | १४ डिसेंबर, रात्री ९.४०

नमस्कार. सुट्टीवर घरी उदगीरला आलेय, २७ला परत. त्याच्या आत ठरवायचंय म्हणून घाईत लिहिते.

तिकडे दहा महिने एका क्लासला जाते. महिन्याला ५५ युरो, परीक्षेचे वर वेगळे. दोन पट्टे मिळाले, भिंतीला टांगलेत. येत काहीच नाही. परवा अंगणात काकांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, सोडव. दहा महिने जो डाव घोटतेय तोच मारला. पाच वेळा मारला. काकांनी दुसऱ्या हातानं चहाचा कप उचलला, बशीत ओतला आणि पिऊन टाकला. काका ६३ वर्षांचे आहेत.

क्लास सोडू का? सोडला तर जायचं कुठं? अनुभव असलेल्यांनी सांगा. यूट्यूब बघा म्हणू नका.

पट_काढू | रात्री ९.५८

भाऊ, काकांचे पाय धरा आणि त्यांच्याकडंच शिका. निस्तं पट्टे घेऊन काय व्हायलंय? लाल मातीत चार महिने घाला, जोर-बैठका मारा, मग बोला. आमच्या निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ला महाराष्ट्र केसरी झाले, पुढं रुस्तम-ए-हिंद झाले. कुठला पट्टा होता त्यांच्याकडं?

परभणीकर_कार्ल्सरुहं | रात्री १०.१५

युरो म्हणताय, पण देश कुठला? गाव कुठलं? शिकताय काय, कराटे की आणखी काही? वय? सहा वर्षं जर्मनीत आहे, तिथं असाल तर काही सांगता येईल. नुसत्या 'परदेशात'वर काय सांगणार?

ब्लूकार्ड_बीड | रात्री १०.२२

सर, तुम्ही कुठल्या व्हिसावर गेलात? ब्लू कार्डला पगाराची अट किती आहे सध्या? मी मेकॅनिकल आहे, ४ वर्षं अनुभव.

उदगीरी | रात्री १०.४०

जर्मनी. लुडविग्सहाफेन. वय ३१. क्लासच्या पाटीवर 'सेल्फ डिफेन्स' लिहिलंय, थोडं कराटे, थोडं काहीबाही. आणि पोस्टमध्ये 'जाते' लिहिलंय. भाऊ नाही, सर पण नाही.

व्हिसासाठी वेगळा धागा काढा.

पट_काढू | रात्री १०.४४

चुकलं ताई. पण सल्ला तोच.

क्राव्हवाला | रात्री ११.०५

ताई, बाईमाणसानं सरळ क्राव्ह मगा शिकावं. डोळे, गळा, जांघ, तीन ठिकाणी मारा आणि पळा. मी संभाजीनगरला दोन दिवसांचं शिबिर केलं, आयुष्य बदललं. कुस्ती-ज्युडोला नियम असतात, रस्त्यावर नियम नसतात.

टॅप_टॅप | रात्री ११.२०

दोन दिवसांत! समोरच्या माणसानं तुम्हाला खरंच अडवलं होतं का एकदा तरी? की गादीला लाथा मारल्या? डोळ्यात बोट घालायचा सराव कुणावर केलात तेही कळू द्या.

जालन्याचा आहे, डब्लिनला असतो, तीन वर्षं ब्राझिलियन जिउ-जित्सू (बीजेजे, जमिनीवरची पकडापकडी) करतो. पहिल्याच दिवशी ६० किलोच्या पोरीनं मला, ८८ किलोच्या गड्याला, चार मिनिटांत तीनदा टॅप करायला, म्हणजे थापटून हार मानायला लावलं. तिच्याकडं निळा पट्टा होता, पांढऱ्याच्या फक्त एक पायरी वर. असा पट्टा खोटा नसतो. डोळे झाकून बीजेजे लावा.

हुजूरी | १५ डिसेंबर, सकाळी ६.३०

नांदेडहून. सगळे गोऱ्यांचंच सांगायलेत. आमच्याकडं होला मोहल्ल्याला शिखांचा गटका बघायला या एकदा. तलवार, ढाल, सोटी. पायांची चाल बघून घ्या नुसती. परदेशात बऱ्याच गुरुद्वारांत गटका शिकवतात, तिकडं विचारा.

मांजराकाठ | सकाळी ८.१०

गटका सुंदर आहे, पण तिनं मनगट सोडवायचं विचारलंय, तलवार नाही.

बाळ, तुला हे शिकायचंय कशासाठी? कुणी त्रास देतंय का तिकडं? तसं असेल तर आधी पोलीस, मग क्लास.

उदगीरी | सकाळी ९.००

कुणी त्रास देत नाही मावशी. लहानपणी आजोबांसोबत आखाड्यापर्यंत जायचे. भाऊ आत जायचे, मी बाहेर चपला राखत बसायचे. आता पैसे माझे आहेत, वेळ माझा आहे, मग शिकायचं ते नीट तरी शिकावं. बास.

क्लासचं अजून एक सांगते. तिथं जोडीदार आधीच पडतो. मी हात पुढं केला, की माझा स्पर्श व्हायच्या आत गडी गादीवर. सुरुवातीला मला वाटलं मी भारी आहे.

परभणीकर_कार्ल्सरुहं | सकाळी ९.३५

आता बोलता येईल. स्पर्शाआधी पडतात म्हणताय तिथंच उत्तर आलं. सोडा.

जर्मनीत दोन प्रकार आहेत. एक धंद्याचे स्टुडिओ, वर्षाचा करार, चकचकीत आरसे. दुसरे फेराइन, म्हणजे नोंदणीकृत मंडळ. आपल्या आखाड्यासारखंच प्रकरण आहे ते. शाळेचा हॉल संध्याकाळी मिळतो, शिकवणारा दिवसा कुठंतरी नोकरी करतो, पैशासाठी शिकवत नाही. मी ज्युडोच्या फेराइनला महिन्याला १४ युरो भरतो. पहिले एक-दोन वर्ग बहुतेक ठिकाणी फुकट असतात, त्याला प्रोबेट्रेनिंग म्हणतात. आधी ई-मेल टाका.

गेलात की पहिल्या दिवशी शेवटची २० मिनिटं लक्ष देऊन बघा. ज्युडोत त्याला रांदोरी म्हणतात. दोघंही खरंच पाडायला बघतात आणि दोघंही पडायचं नाकारतात. हा भाग ज्या क्लासात नाही तिथं कितीही वर्षं घालवली तरी काका चहा पीत राहणार. आणि चार-पाच वर्षं जुनी माणसं किती आहेत बघा. सगळेच सहा महिन्यांचे असतील तर काहीतरी बिनसलंय.

पट_काढू | सकाळी १०.१०

ज्युडोत पाय धरता येत नाही म्हणे. पट काढायचा नाही तर कुस्ती कसली? सलाम करून घरी जायचं का?

परभणीकर_कार्ल्सरुहं | सकाळी १०.२५

२०१०पासून बंधन आलं, २०१३ला स्पर्धेत पूर्ण बंदी. ती मलाही खटकते. पण धोबीपछाड आहे, त्यांची सेओई नागे म्हणजे जवळपास तीच. हात धरून पाठीवर घ्यायचं.

पट_काढू | सकाळी १०.३१

कलाजंग? खांद्यावर घेऊन मारायचा तो?

परभणीकर_कार्ल्सरुहं | सकाळी १०.३३

पाय न धरता मारून दाखवा. धरलात तर दंड.

पट_काढू | सकाळी १०.३४

मग राहू द्या.

मल्लप्रेमी_पाटोदा | सकाळी ११.००

निलंग्याचंच कौतुक चाललंय. आमच्या पाटोद्याचा राहुल आवारे २०१८च्या राष्ट्रकुलला ५७ किलोत सुवर्ण, २०१९च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य. बीड जिल्हा कमी नाही.

पट_काढू | सकाळी ११.०५

घडवला कुणी? बिराजदार मामांनीच ना?

मांजराकाठ | सकाळी ११.४०

दोघांनी तिकडं बांधावर जाऊन भांडा. पोरीचा प्रश्न राहिला बाजूला.

उदगीरी | दुपारी १.१५

कुस्तीच शिकता येईल का तिकडं? ३१व्या वर्षी?

परभणीकर_कार्ल्सरुहं | दुपारी १.५०

येईल, आणि तुम्ही बसलाय नेमक्या जागी. लुडविग्सहाफेनच्या शेजारचं शिफरश्टाट हे कुस्तीचं गाव, रिंगेन म्हणतात तिकडं. विल्फ्रेड डीट्रिश तिथलाच. पाच ऑलिंपिक पदकं, १९६०ला रोममध्ये सुवर्ण. १९७२च्या म्युनिकमध्ये त्यानं १८० किलोच्या वरच्या ख्रिस टेलरला मिठी मारून पाठीमागं उलथवला, त्याचा फोटो जगभर गेला. 'शिफरश्टाटची क्रेन' म्हणायचे त्याला. बायकांचंही तिकडं चांगलं आहे, अलीन रोटर-फॉकननं टोकियोत ७६ किलोत सुवर्ण घेतलं.

पण रिंगेनच्या क्लबात बहुतेक पोरंच असतात, सहा-सात वर्षांपासून लागलेली. मोठ्या नवशिक्यांचा वर्ग आहे का हे आधी विचारा. नसला तर तुम्हाला एक तर बारा वर्षांच्या पोराशी लावतील, नाहीतर लीग खेळणाऱ्याशी. ज्युडो आणि बीजेजेमध्ये मोठे नवशिके भरपूर येतात, म्हणून मी तेच सुचवतोय. हे मी नाइलाजानं लिहितोय, कुस्ती मलाही प्यारी आहे.

पट_काढू | दुपारी २.०५

१८० किलो! पाठीमागं! ह्याला म्हणतात पहिलवान. ताई, तिकडं जा.

उदगीरी | दुपारी २.३०

करार फेब्रुवारीत केला होता, वर्षाचा. ३१ जानेवारीला संपतो. मालक म्हणतो आता अजून एक वर्ष आपोआप वाढणार.

नियमवाले_काका | दुपारी ३.००

बरोबर आहे मालकाचं. तीन महिने आधी सांगावं लागतं. तेही रजिस्टर पत्रानं. माझ्या पुतण्याचे ६०० युरो गेले.

परभणीकर_कार्ल्सरुहं | दुपारी ३.२०

काका, पुतण्याचा करार जुना असणार. १ मार्च २०२२नंतरच्या करारांना नवा कायदा आहे. पहिली मुदत संपायच्या जास्तीत जास्त एक महिना आधी सांगायचं बंधन घालता येतं. म्हणजे ताईंनी ३१ डिसेंबरच्या आत कळवलं की सुटल्या. विसरल्या तरी पुन्हा वर्ष लागत नाही, पुढं कधीही एका महिन्याच्या नोटिशीवर सोडता येतं. आणि रजिस्टर पत्राची सक्ती करता येत नाही, ई-मेल चालतो. पोच मागून घ्या म्हणजे झालं.

फेराइनला मात्र हा कायदा लागत नाही, तिथं त्यांची घटना. काही ठिकाणी वर्षाअखेरीलाच सोडता येतं. सही करायच्या आधी तेवढं एक पान वाचा.

टॅप_टॅप | दुपारी ४.१०

बीजेजेचं कुणीच मनावर घेत नाही. ज्युडोत आपटून घ्यायला ३१ हे वय नाही हो. आम्ही बहुतेक बसूनच सुरू करतो.

उदगीरी | दुपारी ४.३०

आपटण्यावरून आठवलं. दोन वर्षांपूर्वी उजव्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालंय. त्यानं काही फरक पडतो का?

परभणीकर_कार्ल्सरुहं | दुपारी ४.३२

हे आत्ता सांगताय??

मांजराकाठ | दुपारी ४.३६

अगं बाई.

परभणीकर_कार्ल्सरुहं | दुपारी ४.५५

फरक पडतो. आधी फिजिओला विचारा, पिळाचं काम चालेल का म्हणून. चालेल म्हणाला तर पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्याला सांगा, आणि पहिले दोन महिने फक्त उकेमी, म्हणजे पडायचं कसं ते, आणि जमिनीवरचं काम. उभ्यानं रांदोरी करताना जोडीदार तुम्ही निवडा. वीस वर्षांचा जोशातला गडी नको, पन्नाशीचा शांत ब्राऊन बेल्ट बघा. नवशिका जास्त धोक्याचा, तो घाबरून अंगावर पडतो. टॅप_टॅप म्हणतात तसं बीजेजेही एकदा बघून या, ह्या गुडघ्याला ते सोयीचं पडेल. मात्र पायाच्या पकडी घ्यायच्या नाहीत आणि कुणाला घेऊ द्यायच्या नाहीत.

टॅप_टॅप | दुपारी ५.००

धन्यवाद. एवढंच ऐकायचं होतं.

पट_काढू | संध्याकाळी ६.१५

गुडघ्याला तिळाच्या तेलाची मालिश. आणि खुराक काय आहे तुमचा? बदाम भिजवून, खसखस, थंडाई करून घ्या. दूध म्हशीचंच.

---

उदगीरी | ९ जानेवारी, रात्री ११.५०

राहिलेलं सांगते. ई-मेल २९ तारखेला टाकला, पोच आली. मालकानं एक महिना फुकट देतो म्हणून फोन केला, नको म्हटलं.

फिजिओनं दोन्हीला हो म्हटलं, गुडघ्याला पट्टा बांधून. बीजेजे एकदा बघितलं, छान होतं, पण ८५ युरो. शिफरश्टाटच्या क्लबला विचारलं नाही, हिंमत झाली नाही. आज ज्युडोच्या फेराइनला गेले. शाळेचा हॉल, घामाचा वास, एक दिवा लुकलुकतोय. शिकवणारी बाई पोस्टात काम करते, साठीच्या आसपास असेल. गुडघ्याचं सांगितल्यावर तिनं स्वतःचे दोन्ही दाखवले, दोन्हीला टाके. तासभर नुसतं पडायला शिकवलं. शेवटी जमिनीवर एकीशी लावलं. मी सगळा जोर लावून ढकललं, ती हललीच नाही. पडली तर नाहीच. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

काकांना व्हिडिओ कॉल केला. ते म्हणाले, मनगट सुटलं का? म्हटलं अजून नाही. म्हणाले, मग फोन कशाला केलास, तिकडं रात्र झाली असंल, झोप.

ड्रेस घ्यायचाय. उंची १५८. साइझ १६० घेऊ का?

परभणीकर_कार्ल्सरुहं | १० जानेवारी, सकाळी ७.०५

१७०. जाड सुती असतो, धुतला की आटतो. पहिले दोन वेळा गार पाण्यात टाका आणि ड्रायरला लावू नका.