छापताना मराठी मोडते: दोष ड्रायव्हरचा की आपल्या जुन्या फायलींचा?

कोर्टनाक्याचा टायपिस्ट
ठाण्यात कोर्टनाक्याजवळ माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. मागच्या महिन्यात विंडोज ७ चा म्हातारा संगणक गेला, विंडोज ११ चा नवा आणला. मशीन तेच, भाड्याचं लेझर प्रिंटर, इतकी वर्षं मुकाट्याने छापणारं. केबल जोडली, ड्रायव्हर (संगणकाचं म्हणणं प्रिंटरला समजावणारा प्रोग्रॅम) आपोआप बसला, टेस्ट पेज झकास आलं. पहिलंच प्रतिज्ञापत्र काढलं तर ‘सत्यप्रतिज्ञेवर’मधल्या अर्ध्या ‘त’च्या जागी चौकोन! रफार शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर. सहीची शेवटची ओळ खालून अर्धी कापलेली. स्क्रीनवर मात्र सगळं जागच्या जागी. वकीलसाहेब काउंटरवर घड्याळ बघत उभे, मी तीनदा तेच पान काढतोय.

माझं म्हणणं सरळ आहे. फाइल तीच, मशीन तेच, कागद तोच. बदलला तो ड्रायव्हर. मग ‘तुमच्या फायलीच जुनाट’ असं जो तो मलाच का सुनावतो?

महापेकर
दादा, बदललं बरंच काही, तुम्ही मोजताय एकच. आधी सांगा, फाइल कुठल्या फॉन्टात आहे?

कोर्टनाक्याचा टायपिस्ट
सुरेख. नाक्यावर अर्ध्या दुकानांत तोच.

महापेकर
वाटलंच. डीव्हीबी-टीटी सुरेख, योगेश हे सीडॅक या सरकारी संगणक संस्थेचे जुने फॉन्ट. त्या पिढीच्या फॉन्टात अक्षरांच्या जागा जेमतेम अडीचशे, आणि त्या मुळात इंग्रजी अक्षरांच्या न् चिन्हांच्या. त्यांवर अर्धा त, काना, रफार असे देवनागरीचे तुकडे बसवलेले. म्हणजे तुमच्या फाइलमध्ये मराठी नाहीच, मराठीचं सोंग घेतलेली चिन्हं आहेत. फॉन्ट काढून बघा, प्रतिज्ञापत्राची इंग्रजी खिचडी दिसेल. आता ड्रायव्हरने ‘हा फॉन्ट मी मशीनमधल्या फॉन्टने बदलतो’ असं ठरवलं किंवा त्या जागांचा वेगळा अर्थ लावला, की चौकोन आलाच. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना वेगळा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा आहेत. तीस वर्षं उलटून गेली आणि आपण अजून सोंगच छापतोय. दोष ड्रायव्हरला देणं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं.

तुर्भ्याचा बिल्टीवाला
महापेकर, तुमच्या वातानुकूलित खोलीतून अंगण सरळच दिसणार. माझ्याकडे ना सुरेख ना योगेश, सगळी बिलं इंग्रजीत, डॉट मॅट्रिक्सवर, तीन प्रती कार्बनसकट. फॉन्टचा संबंधच नाही. नवा संगणक आला आणि प्रत्येक बिल आधीच्यापेक्षा थोडं वर छापायला लागलं. दहा बिलांत मजकूर आठेक सेंटीमीटर वर चढला, गाडी नंबर थेट लेटरहेडवर!

कारण? आमचा सलग कागद १२ इंची, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. ड्रायव्हरने गृहीत धरला ए४, २९७ चा. दर पानाला पावणेआठ मिलिमीटरची चोरी. प्रिंट सर्व्हरच्या सेटिंगमध्ये जाऊन १२ इंची फॉर्म स्वतः बनवला, ड्रायव्हरमध्ये तो निवडला, तेव्हा बिलं जाग्यावर आली. इथे सोंग कुणी घेतलं होतं?

(मराठी बिलं का नाहीत म्हणाल, तर ड्राफ्ट मोडला, म्हणजे झटपट छपाईला, देवनागरी येतच नाही. चित्र म्हणून छापावी लागते, मग एका बिलाला इतका वेळ की बाहेर गाडीवाला हॉर्नवर हात ठेवून बसतो.)

महापेकर
तुमचं मान्य. पण तो कागदाचा मामला झाला, अक्षर मोडण्याचा नाही. दोन्ही एका पोत्यात भरू नका.

नौपाड्याचा सेक्रेटरी
माझी सोसायटी छोटी, तरी बोलतो. मशीन बदला की! आम्ही वार्षिक सभेच्या नोटिशीसाठी दोन रविवार असेच घालवले, शेवटी नवा प्रिंटर घेतला आणि सुटलो.

कोर्टनाक्याचा टायपिस्ट
सेक्रेटरीसाहेब, मशीन भाड्याचं आहे आणि करार अजून संपायचाय. शिवाय तुमच्या वर्षाला दोन नोटिसा. माझी रोजची पानं किती, विचारू नका.

महापेकर, युनिकोड मलाही कळतं हो. वीस वर्षांचे मसुदे एका दिवसात बदलून देणार आहात का? दोन फायली युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढल्या. ‘अर्ज करणाऱ्याचे नाव’चं झालं ‘अर्ज करणार्याचे नाव’. आपला ऱ्य गेला, रफार आला. दऱ्याखोऱ्यांचा दर्या होतो तसं. हे कोर्टात द्यायचं? आणि वकील पेनड्राइव्हवर सुरेखचीच फाइल आणतात. गिऱ्हाइकाला ‘आधी युनिकोड करून या’ म्हटलं तर ते शेजारच्या दुकानात जाईल.

बेलापूरचा सर्व्हिसवाला
रोज अशीच मशीनं उघडतो म्हणून मध्ये पडतो. भांडण नंतर, आधी तीन गोष्टी करून बघा. एक, तेच पान ‘प्रिंट टू पीडीएफ’ने पीडीएफ करा. पीडीएफमध्ये अक्षरं नीट असली तर फाइल आणि वर्ड सुटले. दोन, ती पीडीएफ ॲक्रोबॅटमधून ‘प्रिंट ॲज इमेज’ लावून छापा. आता चौकोन गेले तर भानगड ड्रायव्हर फॉन्ट कसा पाठवतो तिथे आहे. तीन, ड्रायव्हरच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ट्रूटाइप फॉन्ट बिटमॅप, म्हणजे चित्र, म्हणून पाठवायचा पर्याय असतो. तो लावा, आणि मशीनचा फॉन्ट वापरायची परवानगी काढून घ्या.

आणखी एक. आपोआप बसलेला ड्रायव्हर बहुतेक वेळा कंपनीचा नसतो, सगळ्या मशीनांना चालणारा सामाईक असतो. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्येच जाहीर केलंय की विंडोज अपडेटमधून छपाई कंपन्यांचे ड्रायव्हर द्यायचं टप्प्याटप्प्याने थांबवणार. सामाईक ड्रायव्हर नव्या मशीनांना पुरतो, जुन्याला अर्धामुर्धा. विंडोज ११ चा ६४ बिटी ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून स्वतः उतरवून बसवा. ३२ बिटीची जुनी सीडी आता कपाटातच ठेवा.

कापलेल्या ओळीचं म्हणाल तर तो लीगल कागदाच्या मापाचा घोळ. वर्डमधला लीगल अमेरिकन, ३५५.६ मिलिमीटर. आपल्याकडे प्रिंटरच्या यादीत ‘इंडियन लीगल’ दिसतो तो ३४५ चा. खालचा समास किती ठेवता?

कोर्टनाक्याचा टायपिस्ट
अर्धा इंच. कागद वाचतो.

बेलापूरचा सर्व्हिसवाला
म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यातले साडेदहा कागदच कमी असल्याने गेले, उरले दोन. लेझर मशीन कडेचे चारेक मिलिमीटर छापतच नाही. ओळ कापणार नाही तर काय होणार? वर्डमध्ये कागद ३४५ चा करा किंवा ड्रायव्हरमध्ये ‘फिट टू पेज’ लावा. जुन्या संगणकावर ते कुणीतरी आधीच लावून ठेवलं असणार.

महापेकर
नाहीतर ए४ वर या. सर्वोच्च न्यायालयाने २०२० पासून ए४ आणि दोन्ही बाजूंनी छपाई घेतलीय.

कोर्टनाक्याचा टायपिस्ट
सर्वोच्च न्यायालय दिल्लीत, माझं गिऱ्हाईक नाक्यावर. ते सांगेल तो कागद.

कोर्टनाक्याचा टायपिस्ट
(दुसऱ्या दिवशी) केलं सगळं. पीडीएफ चोख. इमेज म्हणून छापलं तर चौकोन एकही नाही. कंपनीचा ड्रायव्हर उतरवला, बिटमॅप लावला, आता थेट वर्डमधूनही अर्धा त येतो आणि रफार आपल्या घरी. कागद ३४५ केला, सही पूर्ण. फाइलच्या एका अक्षराला हात लावला नाही. ऐकताय ना महापेकर? ड्रायव्हरच निघाला.

महापेकर
ऐकतोय. फॉन्ट फॉन्ट म्हणून पाठवला तर मोडतो आणि चित्र म्हणून पाठवला तर टिकतो. याला ‘फॉन्ट निर्दोष’ म्हणतात का? तुम्ही आता मराठी छापतच नाही, मराठीचे फोटो छापताय.

तुर्भ्याचा बिल्टीवाला
फोटो तर फोटो. वकिलाला सही करायला जागा मिळाली ना?

कोर्टनाक्याचा टायपिस्ट
मिळाली. मात्र मशीन हळू झालंय, हे कबूल. चाळीस पानी दावा काढायला लावलाय, सतराव्या पानावर आहे. नवे मसुदे उद्यापासून युनिकोडमध्ये करतो, जुन्यांना हात लावणार नाही. त्या ‘करणार्याचे’चं एकदम शोधून बदलता येईल असं काही असेल तर सांगा. ‘कार्याचे’मधला रफार तेवढा शाबूत राहिला पाहिजे.