मदत हवी आहे: इंजिन बंद केलं की धावपट्टी गाठतच नाही

उडाणटप्पू: चार दिवस डोकं फिरलंय. सिम्युलेटरवर टेकऑफ, 2000 फुटांवर इंजिन बंद, वळून परत धावपट्टीकडे. वळण अर्ध्यात आलं की स्टॉलचं (वेग पडून पंखांची उचल तुटतेय याचं) हॉर्न पींऽऽ करतं आणि डावा पंख जमिनीत. पुढच्या महिन्यात बारामतीला फ्लाइंग सुरू होतंय. लवकर सांगा.

होटगीरोडकर: विमान कुठलं, सिम कुठलं, वारा किती? इंजिन बंद करतोस म्हणजे नेमकं काय करतोस?

उडाणटप्पू: सेसना 172 ओ, अजून कुठलं. एक्स-प्लेन. मिक्श्चर, म्हणजे इंधनाचा दांडा, मागे ओढतो.

कडकभाकरी: ग्राफिक कार्ड बदल. माझंपण अडखळायचं, रॅम 16 ची 32 केली. आता ढग असले दिसतात की बस्स.

उडाणटप्पू: काका, कार्डाचं कोण विचारलंय?

निवृत्त_फिटर: 172 पण मॉडेल एस का एन? जुन्या एनला कार्ब हीट (कार्बोरेटरमध्ये बर्फ धरू नये म्हणून गरम हवा) लागते. एसचं इंजिन इंजेक्शनचं, त्यात ती शोधत बसू नका. एसचा ग्लाइडचा (इंजिनाशिवाय तरंगत जाण्याचा) वेग 68 नॉट. इंजिन गेलं की पहिलं काम नाक खाली. तुम्ही चढतानाचं नाक तसंच धरून वळत असणार.

जुळे_सोलापूर: मुळात वळायचंच कशाला? टेकऑफनंतर गेलं की समोर दिसेल त्या रानात उतरायचं.

कॅप्टन_गच्ची: असं काही नाही. मी 700 फुटांवरून वळून उतरवलंय, 45 अंश बँक मारून, म्हणजे विमान तेवढं कलवून.

जुळे_सोलापूर: वारा शून्य ठेवून ना? 45 ला स्टॉलचा वेग 19 टक्के वाढतो मालक. खऱ्या विमानात रिस्टार्टचं बटण नसतं.

कॅप्टन_गच्ची: तुम्ही किती तास उडवलंय ते सांगा आधी.

कडकभाकरी: सिममध्ये सोलापूर विमानतळाजवळची सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी अजून उभी आहे का? 2023 च्या जूनमध्ये पाडली तेव्हा आम्ही सगळे गच्चीवर होतो. धूळ केवढी ती!

निवृत्त_फिटर: धागा कशाचा, लिहिता काय.

होटगीरोडकर: थांबा रे जरा. ते 2000 अल्टीमीटरवरचे (उंचीच्या काट्यावरचे) का? आणि उडतोयस कुठून?

उडाणटप्पू: सोलापूरवरूनच की. अल्टीमीटरवर नाही तर कुठे बघू?

होटगीरोडकर: मग झालं! आपली धावपट्टीच समुद्रसपाटीपासून 1580 फुटांच्या आसपास. तुझे 2000 म्हणजे जमिनीपासून जेमतेम 400. इंजिनाशिवाय सेसना एक हजार फूट खाली येईपर्यंत दीड नॉटिकल मैल जाते, तेही सरळ. 400 त काय वळतोस बे? जुहूचा व्हिडिओ बघून आकडा उचलला असशील, तिथं 2000 म्हणजे 2000 च.

उडाणटप्पू: …हो, जुहूचाच होता.

जुळे_सोलापूर: धावपट्टीच्या 33 नंबरच्या टोकावरून निघालास तर समोर गाव येतं. उलट्या, 15 नंबरच्या टोकावरून निघ, पुढं शेतं आहेत.

उडाणटप्पू: (रात्री) 15 वरून पाच वेळा केलं. नाक खाली, 68 धरलं, चार वेळा शेतात नीट बसलो. एकदा बांधावर. पण पुढचा पंखा (प्रोपेलर) फिरतच राहतो, मग इंजिन गेलं हे कळणार कसं?

निवृत्त_फिटर: तो हवेनं फिरतो. आवाज बसतो, आरपीएम पडतो, वेग उतरायला लागतो. तुम्ही स्वतःच मिक्श्चर ओढता म्हणून काही दचकत नाही. घरातल्या कुणाला तरी ओढायला सांगा.

उडाणटप्पू: बहिणीला दिलाय माऊस. टॅक्सी करतानाच बंद करतीये.