फ्यूजन रेस्टॉरंटमध्ये जेवायला गेल्यावर ऑर्डर कशी देता?

अर्धपोटी:
मैत्रिणीला बढती मिळाली म्हणून काल दुपारी आम्ही चौघी एका नव्या फ्यूजन रेस्टॉरंटमध्ये गेलो. मेन्यूकार्डावर पदार्थांना नावंच नाहीत, नुसती सामग्री. 'फ्लॉवर, मिसो, हेझलनट.' आता हे सूप, भाजी की आइस्क्रीम? वेटरला विचारलं तर म्हणाला, "सगळं शेअरिंगसाठी आहे, मॅडम."

मग काय, धडाधड सात प्लेट सांगितल्या. त्यातल्या चार एकदम आल्या, पाण्याचा ग्लास ठेवायलाही जागा उरली नाही. बाकीच्या तीन आल्या तेव्हा आम्ही हात धुऊन गप्पा मारत बसलो होतो. डम्पलिंगच्या प्लेटमध्ये नग तीन, आम्ही चौघी. कोण राहिलं ते माझ्या आयडीवरून ओळखा.

पण तो फ्लॉवर! कडा करपेपर्यंत भाजलेला, वर खारट-गोडसर लेप, मध्येच दाताखाली येणारं हेझलनट. आणि 'तिरादितो' नावाचे माशाचे पातळ काप, पिवळ्या, आंबट-तिखट सॉसमध्ये. प्लेट चाटायचीच बाकी ठेवली होती.

पुन्हा जायचंय, पण जरा अक्कल वापरून. तुम्ही ऑर्डर कशी देता? आणि फ्यूजन म्हणजे मनाला येईल ते एकत्र करायचं, की त्यात काही तर्क असतो?

मागचा_दरवाजा:
सहा वर्षं अशाच एका किचनमध्ये होतो. 'शेअरिंग' म्हणजे जे तयार होईल ते बाहेर, क्रम वगैरे काही नाही. म्हणून क्रम आपण लावायचा. आधी दोन-तीन थंड प्लेट सांगा, त्या संपत आल्या की पुढचं. प्लेटमध्ये नग किती हे आधीच विचारा. चौथा नग वाढवून मागितला तर बऱ्याचदा जादा पैसे लावून देतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. सेट लंच असेल तर डोळे मिटून तेच घ्या, त्याची तयारी सकाळीच झालेली असते.

फ्लॉवरचं म्हणाल तर मिसो म्हणजे आंबवलेलं सोयाबीन. त्यात ग्लुटामेट, म्हणजे रसदार, खमंग चव देणारा घटक, भरपूर, आणि मुरलेल्या चीजमध्येही तेच. म्हणून मिसो आणि पार्मेझान एका पास्त्यात सुखाने नांदतात. किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली कोम्बू या समुद्री शेवाळातून हेच ग्लुटामेट वेगळं केलं आणि त्या चवीला 'उमामी' म्हटलं. तेव्हा तर्क असतो. प्रत्येक शेफकडे असतोच असं नाही.

आगबोट:
तिरादितो हे कुणा शेफला एका रात्रीत सुचलेलं नाही. १८९९ साली जपानी मजुरांचं पहिलं जहाज पेरूला पोचलं, बरेच जण ऊसमळ्यांवर कामाला लागले. त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी तिथलं सामान आणि आपला हात एकत्र करून जे रांधलं, त्याला आज 'निक्केई' म्हणतात. सेविचे या पेरूच्या पदार्थात कच्च्या माशाचे तुकडे लिंबाच्या रसात कालवतात. तिरादितोमध्ये साशिमीसारखे, म्हणजे जपानी पद्धतीने कच्च्या माशाचे पातळ काप काढून सॉस अगदी वाढताना ओततात. तुमचा पिवळा सॉस बहुधा आही आमारिय्यो मिरचीचा असणार. प्लेट आली की आधी खा, फोटो मागून.

शंकेखोर:
इतिहास छान आहे हो, पण गेल्या महिन्यात मी वसाबीचा चीजकेक खाल्ला. त्यामागे कुठलंही जहाज नव्हतं, नुसता आगाऊपणा होता. नाकातून धूर आला.

एक कामाची गोष्ट: बरोबर कुणी शाकाहारी असेल तर 'मिसो सूप' वाचून हुरळू नका. त्याचा पाया म्हणजे दाशी, म्हणजे पातळ जपानी स्टॉक, आणि ती बहुतेकदा सुकवलेल्या बोनितो माशाच्या किसाची. नुसतं "व्हेज आहे ना?" विचारलं की मान डोलावतात. दाशी कशाची, असं थेट विचारा.

अर्धपोटी:
सगळ्यांना धन्यवाद. शनिवारी परत जातोय. आधी थंड, मग गरम, आणि दाशीचं विचारणार. एकीला जमत नाहीये, म्हणजे या वेळी तिघीच. डम्पलिंगचा प्रश्न परस्पर मिटला.