शब्दचर्चा: कल्पित भाषेचा कोश लावायचा कसा, अकारविल्हे की वर्गवार?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. किशोरांसाठी एक मोठी गोष्ट लिहितोय. त्यातली माणसं एका बेटावर मीठ पिकवतात आणि त्यांची स्वतःची भाषा आहे. पात्रं बोलायला लागली तशी शब्दांची भर पडत गेली. सगळे शब्द एक्सेलमध्ये आहेत: डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे बेटावरचा, मराठीच्या अकारविल्हे क्रमाने. शोधायला सोपं जातं, पण त्यातून भाषेचं चित्र काही दिसत नाही. 'ओहोटी' वर, 'भरती' पार खाली, आणि मधे 'कढई', 'डास', 'नवस'.

म्हणून वर्गवार लावायला घेतलं. पाण्याचे सगळे शब्द 'लो'ने सुरू करायचे: लोम म्हणजे पाणी, लोमी खाडी, लोमू भरती, लोमे ओहोटी, लोमा पाऊस. आगीचे 'ता'ने, मिठाचे 'शि'ने. शब्द कानावर पडला की वर्ग कळला पाहिजे. प्रश्न दोन. अशी रचना टिकेल का? आणि वर्गांची तयार यादी कुठे मिळते का?

बोरूबहाद्दर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: होडीत बसून, वारा सुटलेला असताना, किनाऱ्यावरच्या माणसाला 'लोमू आली' असं ओरडून सांगा. त्याने 'लोमे' ऐकलं तर होडी चिखलात. मराठीत बघा: भरती, ओहोटी, उधाण, भांग (कमी चढउताराची भरती). एकाच पाण्याच्या चार अवस्था, पण आवाजात एकमेकींशी काही नातं नाही. ज्या गोष्टींची गफलत महागात पडते त्यांची नावं एकमेकांपासून लांब असलेली बरी.

तुमचा बेत नवा नाही. जॉन विल्किन्स नावाचे इंग्रज पाद्री, रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेच्या संस्थापकांपैकी एक, यांनी १६६८ मध्ये अशी अख्खी भाषा छापली. विश्वातल्या यच्चयावत वस्तू-कल्पना त्यांनी ४० वर्गांत बसवल्या. शब्दाची सुरुवात वर्ग सांगणार, पुढचं व्यंजन पोटवर्ग, त्यापुढचा स्वर त्यातली नेमकी चीज. 'दे' म्हणजे महाभूत, 'देब' म्हणजे त्यातलं पहिलं, अग्नी, आणि 'देबा' म्हणजे ज्वाला. (छपाई चालू असताना १६६६ ची लंडनची आग लागली आणि बरीच पानं जळाली. 'देबा'नेच दगा दिला म्हणायचा.)

कागदावर फार देखणं प्रकरण आहे. पण खुद्द विल्किन्सच्या ग्रंथात एका ठिकाणी ट्यूलिपच्या जागी सातू पडलाय. 'गापे' हवं होतं, 'गादे' झालं. मराठीत 'गुलाब'चं 'गुलाम' झालं तर वाक्यच वेडंवाकडं होतं आणि आपण थबकतो. इथे दोन्ही वनस्पतीच, त्यामुळे वाचणाऱ्याला संशयही येत नाही. दुसरी अडचण अशी की वर्ग बदलला की शब्दच बदलावा लागतो. देवमासा मासा नाही हे उद्या तुमच्या बेटावर कुणाच्या लक्षात आलं, तर त्याचं नाव बदलायला दवंडी पिटणार का?

वर्गीकरण मात्र वाया गेलं नाही. पीटर मार्क रॉजेने १८५२ मध्ये इंग्रजीचा वर्गवार पर्यायकोश काढला, तेव्हा विल्किन्सच्या खटाटोपाची त्याने आपणहून नोंद घेतली. फरक एवढाच की रॉजेने वर्ग कोशात ठेवले आणि शब्दांच्या केसालाही धक्का लावला नाही. तुम्हीही तेच करा. 'वर्ग' हा तक्त्यातला एक रकाना असू दे, शब्दाचं पहिलं अक्षर नको.

चकलीचा सोऱ्या

सॉलरेसॉल राहिलंच की! फ्रान्सच्या सुद्रे या संगीतशिक्षकाने सात सुरांतून भाषा केली, ती त्याच्या पश्चात १८६६ मध्ये ग्रंथरूपात आली. त्यातही पहिल्या सुरावरून विषय कळावा अशी योजना होती. आणि शब्द उलटा केला की अर्थ उलटा. दो-मि-सोल म्हणजे देव, सोल-मि-दो म्हणजे सैतान. आपल्या भाषेत सा-ग-प म्हणजे देव आणि प-ग-सा म्हणजे सैतान. अवरोह घेताना गवयाने काय करायचं?

बाकी चालू द्या.

तळघरातली वही

वर्गांच्या यादीबद्दल. तयार यादी घेऊच नका, निदान बाहेरची.

भाषा बनवणाऱ्यांच्या हातात सहसा मॉरिस स्वॉडेश या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाची यादी पडते, शंभर किंवा दोनशेच्या आसपास शब्दांची. ती भाषा रचायला केलेली नाही. दोन भाषा एकमेकींच्या किती जवळच्या नातलग आहेत हे तपासायला केलेली आहे, म्हणून त्यात सहसा उसने घेतले जात नाहीत असे शब्द आहेत: डोळा, दात, दगड, पिणे, मरणे. मोठ्या यादीत मीठ आहे, पण मिठागर नाही, बांध नाही. शिवाय अशा इंग्रजी याद्यांमधे 'आम्ही' आणि 'आपण' यांच्यासाठी सहसा एकच ओळ असते. मराठी माणसाने ती यादी भरली की आपल्या घरातला भेदच त्याच्या कल्पित भाषेतून गायब होतो आणि त्याला पत्ताही लागत नाही.

त्यापेक्षा आपल्याकडचे दोन कोश समोर ठेवा. पहिला अमरकोश. स्वर्गवर्ग, कालवर्ग, वारिवर्ग, भूमिवर्ग, वनौषधिवर्ग, मनुष्यवर्ग असं वरून खाली येत अमरसिंहाने सगळं जग श्लोकांत बसवलं. ते पाठ करायचं होतं, त्यामुळे पाण्याचे शब्द पाण्याजवळच हवेत. पण तिसऱ्या कांडात जरा बघा. तिथे विशेषणं वेगळी काढली आहेत, अव्ययं वेगळी, आणि कुठेच न बसणाऱ्यांसाठी चक्क 'संकीर्णवर्ग' आहे. त्याच कांडातल्या नानार्थवर्गात, म्हणजे एकाहून जास्त अर्थ असलेल्या शब्दांत, तो विषय सोडून शब्दाच्या शेवटच्या व्यंजनाचा क्रम धरतो: आधी क शेवटी असलेले, मग ख. एकाच कोशात दोन प्रकारच्या रचना, कारण दोन प्रकारची कामं. तुम्हालाही एकच रचना निवडायची सक्ती नाही.

दुसरा राज्यव्यवहारकोश. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून झालेला, फारसी-दखनी राजकीय शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा. त्याचे वर्ग दहा: राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, भोग्यवर्ग, शस्त्रवर्ग, चतुरंगवर्ग, सामंतवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग, पण्यवर्ग. त्यात स्वर्ग नाही, वनौषधी नाहीत. किल्ल्यांना मात्र स्वतंत्र वर्ग! विश्व कसं आहे हे सांगायचा त्या कोशाचा आव नाही. राज्य चालवताना दिवसभरात काय काय लागतं, त्यावरून वर्ग पडले आहेत. तुमच्या बेटावर दुर्गवर्गाच्या जागी मीठवर्ग येईल आणि तो सगळ्यात जाड असेल.

खाडीकाठ

संकीर्णवर्गाची कल्पना एकदम पटली. मीठवर्ग आजच सुरू करतो. पण 'लो' सोडवत नाही हो. पुढच्या भागांतही वाचणाऱ्या मुलांना शब्द लक्षात राहायला हवेत. काहीतरी दुवा नको का?

बोरूबहाद्दर

दुवा हवाच, पण तो दोन शब्दांतल्या नात्याचा असावा. वर्गाचा नव्हे. एस्परांतो ही मुद्दाम रचलेली भाषा बघा. तिच्या कर्त्याने, झामेनहोफने, १८८७ मध्ये वॉर्साहून पहिली पुस्तिका काढली तेव्हा तिच्यात जेमतेम ९०० धातू होते. शाळकरी वयात त्याला जाडजूड शब्दकोशांची धास्ती वाटायची. मग रस्त्यावर दोन रशियन पाट्या दिसल्या, 'श्वेयत्सारस्काया' आणि 'कोंदितेरस्काया': एक दरवानाची खोली, दुसरं मिठाईचं दुकान. दोन्हींच्या शेवटी तेच 'स्काया'. असे प्रत्यय हाताशी असले तर अर्धा कोश पाठ करायची गरजच नाही, हे त्याला तिथे सुचलं.

त्याच्या भाषेत जागेचा प्रत्यय 'एय'. लेर्नी म्हणजे शिकणे, लेर्नेयो शाळा. कुइरी म्हणजे रांधणे, कुइरेयो स्वयंपाकघर. आपल्याकडे हेच काम 'खाना' करतो: दवाखाना, छापखाना, तोफखाना, कारखाना. धातू वेगवेगळे, म्हणून कानाला गोंधळ नाही. शेपटी एकच, म्हणून डोक्याला त्रास नाही. विल्किन्सने साम्य सुरुवातीला ठेवलं आणि फरक शेवटी एका स्वरावर टांगला. झामेनहोफने ते उलटं केलं.

तेव्हा 'लो' काढा, आणि मिठाच्या कामात पुन्हा पुन्हा येणाऱ्या नात्यांना चार-पाच प्रत्यय द्या: जिथे होतं ती जागा, ज्याने होतं ते हत्यार, जो करतो तो माणूस, काम बिघडल्यावर जे उरतं ते. शेवटच्याला मराठीत प्रत्यय नाही. तुमच्या बेटावर असेल तर मजा येईल.

हात मात्र आवरता ठेवा. एस्परांतोत 'माल' लावलं की विरुद्धार्थ. त्यामुळे इस्पितळ झालं 'मालसानुलेयो': उलट-निरोगी-माणूस-जागा. तापाने फणफणलेल्या माणसाने एवढं बोलायचं? लोकांनी 'होस्पितालो'ही आणला. डाव्याला 'मालदेक्स्त्रा', म्हणजे न-उजवा, म्हणायचा कंटाळा येऊन कवींनी 'लिवा' आणला. रोजच्या वापरातल्या शब्दाला लोक लांबी सहन करत नाहीत.

तळघरातली वही

एस्परांतोतला सर्वनामांचा तक्ता सांगायचा राहिला. ते ४५ शब्द चौकटीतच मांडावे लागतात, वर्गवार नाही आणि अकारविल्हेही नाही. किए कुठे, तिए तिथे, इए कुठेतरी, चिए सगळीकडे, नेनिए कुठेच नाही. किआम कधी, तिआम तेव्हा, चिआम नेहमी, नेनिआम कधीच नाही. पाच सुरुवाती गुणिले नऊ शेवट.

आता मराठीची चौकट मांडा: कसा, जसा, तसा, असा. केवढा, जेवढा, तेवढा, एवढा. कुठे, जिथे, तिथे, इथे. क-ज-त तेच, चौथी घरं जवळच्या गोष्टीची. आपल्याकडे 'ज'ची अख्खी रांग आहे, झामेनहोफकडे ती नाही, 'क'वरच भागवतो. 'इथे'लाही त्याच्याकडे घर नाही, 'तिए'ला वेगळं 'ची' चिकटवावं लागतं. उलट 'कुठेतरी, सगळीकडे, कुठेच नाही' या त्याच्या रांगा आहेत, त्या आपण जोडाजोडी करून भागवतो. खाडीकाठ, तुमच्या लोकांची चौकट आधी आखा आणि कोणती घरं रिकामी ठेवायची ते ठरवा. मिठागरावर 'पाण्याच्या अलीकडे' आणि 'पाण्यापलीकडे' अशी दोन 'तिथे' असली तर मला तरी नवल वाटणार नाही.

मूग गिळून

सगळं ठीक, पण मूळ दुखणं डावीकडच्या रकान्यात आहे. तिथे मराठी शब्द आहेत. एका मराठी शब्दाला एक बेटावरचा शब्द देत गेलात तर ती मराठीच, फक्त वेशांतर केलेली. दलालांच्या नंदभाषेत हेच व्हायचं, शब्द बदललेले, बाकी सगळं मराठी. गुपित राखायला तेवढं पुरतं, पण तुम्हाला भाषा हवी आहे.

तक्त्यात 'लागणे' ही ओळ असेलच. समजा तुम्ही लिहिलंत 'नुर'. आता बघा: भूक लागते, ठेच लागते, आग लागते, वेळ लागतो, नोकरी लागते, दार लागतं, आंबा गोड लागतो, नवस फेडावा लागतो, ती माझी मावशी लागते. या सगळ्यांना 'नुर'? जगात दुसऱ्या कुठल्या भाषेत हा नेमका गठ्ठा एका क्रियापदात बांधलेला असेल असं मला वाटत नाही. म्हणून ओळ अर्थाला द्या, शब्दाला नको. 'लागणे'च्या नऊ ओळी करा, प्रत्येकीत मराठीतलं एक पूर्ण वाक्य लिहा, मग ठरवा की बेटावर त्यातल्या कोणत्या दोन-तीन एकत्र नांदतात. कदाचित भूक आणि आग यांना एकच क्रियापद असेल आणि नोकरीला भलतंच.

'खाणे'चंही तसंच करा. मार, भाव, पैसे आणि हवा, हे बेटावर कुणी खात नसेल.

खाडीकाठ

हे भारी आहे! 'लागणे'वर बसलो. बेटावर भूक, झोप आणि ओहोटी यांना एक क्रियापद ठरवलं, कारण तिन्ही आपोआप येतात आणि थांबवता येत नाहीत. मावशी 'लागत' नाही, ती 'बसते'.

आणि 'लो'ची सोय लावली. बेटावर पूर्वी एक अतिशहाणा राजा होऊन गेला. त्याने सगळ्या वस्तूंना वर्गवार नवी नावं दिली. ती आता फक्त सरकारी पाट्यांवर उरली आहेत. होडीवाले दुसरेच शब्द वापरतात आणि पाट्यांकडे बघून हसतात. म्हणजे कोशात एक रकाना वाढला: 'हा शब्द कोण वापरतं'.

शेवटचा प्रश्न. बेटावरच्या शब्दांची उलटी सूची अकारविल्हे हवीच आहे, वाचकांसाठी. एक्सेलमध्ये क्रम लावला की 'ळ'चे शब्द 'ल'च्या लगेच पुढे येतात आणि 'क्ष' 'क'च्या पोटात शिरतो. असं का?

बोरूबहाद्दर

(राजा आवडला.)

युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या तक्त्यात, ळ ची जागा ल च्या शेजारी आहे, व च्या आधी. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. क्ष आणि ज्ञ ही युनिकोडला स्वतंत्र अक्षरं वाटतच नाहीत: क ला हलन्त करून ष, ज ला हलन्त करून ञ. म्हणून ते क आणि ज मध्ये जातात. त्याच्याशी भांडू नका. एक जादा रकाना घ्या, त्यात बेटाच्या वर्णमालेप्रमाणे प्रत्येक अक्षराला दोन आकडी क्रमांक द्या (०१, ०२, असे, नाहीतर १० हा २ च्या आधी येईल), शब्दातल्या अक्षरांचे क्रमांक ओळीने जोडून लिहा आणि त्या रकान्यावर क्रम लावा. रकान्याचा प्रकार 'मजकूर' ठेवा, नाहीतर एक्सेल सुरुवातीचं शून्य खातो. बेटाची वर्णमाला मराठीसारखी क-ख-ग अशीच चालते का, हे त्याआधी ठरवावं लागेल.