युद्धात ‘उतरणे’, ‘पडणे’ की ‘ओढले जाणे’?

प्रश्न:
दुसरे महायुद्ध आणि अमेरिका यावर एक टिपण लिहिते आहे. त्यात एकदा ‘अमेरिका युद्धात उतरली’, एकदा ‘युद्धात पडली’ आणि एकदा ‘ओढली गेली’ असे लिहून झाले आहे. तपासणारे सर म्हणतात, एकच ठेवा. कोणते ठेवू? आणि आधीच्या दोन वर्षांत अमेरिकेला ‘तटस्थ’ म्हणायचे का?

प्रतिसाद १:
ताई, या तिन्हींचा अर्थ एक नाही. आखाड्यात, निवडणुकीच्या रिंगणात माणूस उतरतो, म्हणजे स्वतः ठरवून, तयारीनिशी. भानगडीत किंवा फंदात पडतो, तेव्हा त्याने पडायला नको होते हे बोलणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. ओढला गेला म्हटले की दोष दुसऱ्याचा. अमेरिकेत १९३९ ते १९४१ दरम्यान जो वाद पेटला होता तो नेमका हाच होता, म्हणून क्रियापद जपून निवडा.

युद्धापासून दूर राहा म्हणणाऱ्या ‘अमेरिका फर्स्ट’ समितीच्या लोकांना, त्यांच्या सभा गाजवणाऱ्या वैमानिक लिंडबर्गला, हे युद्धात ‘पडणे’च वाटत होते. समितीतल्या काहींची आणि लिंडबर्गचीही ज्यूंविषयीची भाषा निषेधार्हच होती. पण युद्ध नको म्हणणारे सगळे तसे नव्हते. पहिल्या महायुद्धात, १९१७ पासून, एक लाखाहून जास्त अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले होते, आणि पुढे सिनेटच्या नाय समितीने शस्त्रकारखानदारांनी त्या युद्धात केलेली कमाई चव्हाट्यावर आणली होती. पोरगा गमावलेल्या घराला ‘पुन्हा युरोपात कशाला?’ असे विचारण्याचा पूर्ण हक्क होता. खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी ३० ऑक्टोबर १९४० ला बोस्टनच्या प्रचारसभेत आयाबापांना शब्द दिला की तुमची मुले कुठल्याही परक्या युद्धात पाठवली जाणार नाहीत.

‘तटस्थ’ १९३९ च्या ऑक्टोबरपर्यंत चालेल. त्या नोव्हेंबरात कायदा बदलला: रोख पैसे मोजा आणि आपल्याच जहाजातून शस्त्रे न्या. कागदावर नियम दोन्ही बाजूंना सारखा, पण अटलांटिकवर ब्रिटनचे आरमार असल्याने जर्मनीला तो माल मिळणे शक्यच नव्हते. सप्टेंबर १९४० मध्ये नाविक तळांच्या बदल्यात ५० जुन्या विनाशिका (लढाऊ जहाजे) ब्रिटनला दिल्या. मार्च १९४१ मध्ये लेंड-लीज कायदा झाला, म्हणजे लगेच पैसे न घेता मित्रदेशांना युद्धसामग्री पुरवण्याचा. यानंतर तटस्थ म्हणणे म्हणजे वाचकाची दिशाभूल.

प्रतिसाद २:
कौटिल्याचा ‘उदासीन’ इथे चपखल बसतो. राज्याराज्यांतल्या संबंधांच्या त्याच्या मंडलसिद्धान्तातला उदासीन राजा विजिगीषू (जिंकू पाहणारा राजा), अरी (त्याचा शत्रू) आणि मध्यम (त्या दोघांना लागून असलेला बलवान राजा) या तिघांच्या पलीकडचा, तिघांहून बलवान, आणि हवे त्याला हात देऊ शकणारा. दूरची, श्रीमंत अमेरिका अगदी तशीच.

प्रतिसाद १:
कल्पना उत्तम, पण आजच्या मराठीत उदासीन म्हणजे खिन्न किंवा बेफिकीर. टिपणात तो शब्द आला तर उलटाच अर्थ लागेल.

प्रतिसाद ३:
लेंड-लीजला ‘उधार-पट्टा’ म्हणण्यापेक्षा ‘उसनवारी’ म्हणा. उसने म्हणजे जी वस्तू नेली ती किंवा तशीच परत करायची, व्याज नाही. रूझवेल्टनी पत्रकारांना दिलेला दाखला तोच होता: शेजाऱ्याच्या घराला आग लागली तर त्याच्याकडे पाण्याच्या नळीचे पंधरा डॉलर मागत नाहीत, आग विझल्यावर नळी परत मागतात. यावर सिनेटर टाफ्ट म्हणाले की शस्त्रे उसनी देणे हे चघळायचा गोंद उसना देण्यासारखे आहे, तो परत कुणाला हवा असतो? आणि ‘ओढली गेली’ मला बरोबर वाटते. पर्ल हार्बरवर हल्ला जपानने केला, ११ डिसेंबरला युद्ध जर्मनीने पुकारले. अमेरिकेने काय ठरवले?

प्रतिसाद १:
बरेच काही ठरवले. ३१ ऑक्टोबर १९४१ ला, म्हणजे पर्ल हार्बरच्या पाच आठवडे आधी, ‘रूबेन जेम्स’ ही अमेरिकी विनाशिका आइसलँडच्या बाजूला जर्मन पाणबुडीने बुडवली. शंभराच्या आसपास खलाशी गेले. ती ब्रिटनकडे निघालेल्या जहाजांच्या ताफ्याला संरक्षण देत होती. ती तिथे चुकून गेली नव्हती, पाठवली होती. माझ्या मते पाठवली हे योग्यच केले. फ्रान्स पडल्यावर एवढ्या धनाढ्य देशाने नुसता माल विकत बसणे मला पटत नाही. खटकते ते एवढेच की बोस्टनला दिलेला शब्द मोडतो आहे हे लोकांना सरळ सांगितले नाही. युद्ध पुकारण्यावर लोकप्रतिनिधींचे मत घेतले ते ८ डिसेंबरला, जपानविरुद्ध, आणि तेव्हा सभागृहात विरोधात एकच मत पडले, जेनेट रँकिन यांचे.

ओढले गेलो ते आपण. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगोनी कुणालाही न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले. निषेध म्हणून मुंबई प्रांतातल्या खेर मंत्रिमंडळासह काँग्रेसची मंत्रिमंडळे बाहेर पडली. ‘ओढले जाणे’ त्या वाक्यासाठी राखून ठेवा.

ताई, तुमचे वाक्य मी असे लिहीन: ‘१९४० पासून अमेरिका पायरी पायरीने युद्धात उतरत गेली आणि डिसेंबर १९४१ मध्ये तिने ते जाहीर केले.’ ‘पडली’ हवेच असेल तर लिंडबर्गच्या बाजूचे म्हणणे सांगताना, अवतरणचिन्हांत.