स्तनाचा कॅन्सर हाडात गेल्यावर ल्युटेशियमची आठवण इतक्या उशिरा का?

गोदाकाठ:
मावशीचा स्तनाचा कॅन्सर दोन वर्षांपूर्वी मणक्यात आणि मांडीच्या हाडात उतरला, आता कूस बदलताना ओरडते. मॉर्फिन चालू आहे, दोनदा शेक (रेडिएशन) दिलाय, पण आठ जागी दुखत असेल तर मशीनने कुठे कुठे शेकणार? ल्युटेशियम-१७७ ईडीटीएमपी हे किरणोत्सारी इंजेक्शन आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही विकसित केलंय. शिरेतून दिलं की हाडात जिथे जिथे मोडतोडीबरोबर नवी बांधणी जोरात चाललीय तिथे जाऊन बसतं, बीटा किरण जेमतेम २ मिमी जातात. आम्हाला हे नाव कळलं तेव्हा प्लेटलेट ६० हजारांवर, म्हणे आता देता येणार नाही. मग आधी का नाही सांगितलं कुणी? माझं मत, हाडात पसरल्याचं कळलं की न्यूक्लिअर मेडिसिनवाल्यांचं (अशी किरणोत्सारी औषधं देणाऱ्या डॉक्टरांचं) मत तेव्हाच घ्यायला हवं.

निशिगंध:
ताई, वाईट वाटलं वाचून. पण मी याच क्षेत्रात आहे म्हणून सांगते, सरसकट लवकर देण्याच्या मी विरोधात आहे. हे दुखणं कमी करतं, आयुष्य वाढवतं असं स्तनाच्या कॅन्सरमध्ये सिद्ध झालेलं नाही. हाडाला खेटूनच रक्तपेशी तयार करणारी मज्जा असते, तिलाही मार बसतो, महिना-दीड महिन्याने प्लेटलेट खाली येतात आणि मग पुढची केमो अडकते. लिव्हरमध्ये गाठी असतील तर तिथे याचा काडीचा उपयोग नाही. आधी हार्मोनच्या गोळ्या, पाल्बोसिक्लिबसारखी गाठीची वाढ रोखणारी औषधं, हाडं जपणारं झोलेड्रोनिक अ‍ॅसिड हेच.

खडूफळा:
निशिगंधशी सहमत. वहिनीच्या वेळी जो तो ल्युटेशियमने बरं होतं म्हणून सांगायचा. अहो अमेरिकेत २०२२ ला मान्यता मिळाली ती ल्युटेशियम पीएसएमए या वेगळ्या औषधाला, पुरुषांच्या प्रोस्टेट कॅन्सरसाठी! २०१३ चं रेडियम-२२३ हे किरणोत्सारी औषध पण प्रोस्टेटचंच, आणि तेच अ‍ॅबिराटेरोन या प्रोस्टेटच्याच गोळीसोबत दिलं तर फ्रॅक्चर वाढले. एका कॅन्सरचे आकडे दुसऱ्याला लावून घरच्यांना आशेला लावू नका.

रानवाटा:
म्हणून काय दारच लावून घ्यायचं? हर-टू पॉझिटिव्ह (गाठीवर हर-टू हे प्रथिन जास्त असलेल्या) बायकांसाठी ट्रास्टुझुमॅब या अँटिबॉडीला ल्युटेशियम जोडण्यावर काम चाललंय, गाठीभोवतीच्या पेशींवरचं एफएपी हे प्रथिन शोधणारे छोटे रेणू पण आहेत. अँटिबॉडी रक्तात दिवसेंदिवस फिरते म्हणून मज्जेला डोस जातो, छोटा रेणू लवकर निघून जातो पण गाठीतूनही लवकर निसटतो, अडचणी आहेतच. ट्रायलमध्ये बायका गेल्याच नाहीत तर पुरावा येणार कुठून?

खडूफळा:
ट्रायलमध्ये जरूर जा, तिथे तपासणी होते, नोंद राहते. माझा राग पुरावा नसताना बाहेर पैसे घेऊन देतात त्यावर आहे.

गोदाकाठ:
मी बरं करा म्हणतच नाहीये. तिला रात्री सलग चार तास झोप लागावी एवढंच. आणि निशिगंधताई, मज्जेचं तुम्ही म्हणता तेच तर माझं म्हणणं आहे ना, चार केमो होऊन मज्जा थकल्यावर विचारून काय उपयोग?

निशिगंध:
द्यायचं की नाही हे नंतर, पण विचारायला उशीर होतो हे मान्य, खरंच होतो. केमो बदलायच्या मधल्या काळात प्लेटलेट एक लाखाच्या वर आल्या तर पुन्हा विचारा, किडनीसाठी क्रिएटिनिन पण बघतील. बोन स्कॅनमध्ये जिथे काळं दिसतं तिथेच हे औषध बसतं, म्हणून स्कॅन ताजा हवा. पहिले काही दिवस दुखणं उलट वाढू शकतं, घाबरू नका. आणि पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली तर कशाचीही वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात न्या. स्कॅन कधीचा आहे?

गोदाकाठ:
मार्चचा. सोमवारी नवीन करायला सांगते.